‘सावधान’ आणि सोबत

मराठी लग्नांत मंगलाष्टकें म्हटलीं जात असतां प्रत्येक श्लोकाच्या अखेरीस जो शब्द येतो तो ‘सावधान’. अर्थ साधा आहे: लक्ष द्या, मन ठिकाणावर आणा. हा शब्द कानीं पडतांच नारायण नांवाचा एक बारा वर्षांचा मुलगा लग्नमंडपांतून पळाला, नाशिकास आला आणि पुढें समर्थ रामदास झाला, ही कथा परंपरेनें महाराष्ट्रांत घरोघर पोंचविली आहे. तींत इतिहास किती व भाविकता किती, हें विद्वानांनीं पाहावें. आम्हांस तिच्यांतील एकच गोष्ट मोठी चित्तवेधक वाटते. त्या मुलानें ‘सावधान’ ह्या शब्दाचा जो अर्थ घेतला त्याच्या अगदीं उलट अर्थ आपल्या समाजानें घेतला आहे. मुलाला वाटलें, सावध राहावयाचें तर लग्न टाळावें. समाज मानीत आला, लग्न लावून दिलें म्हणजे माणूस आपोआप सावध होतो.

आम्ही वणीस राहतों. सप्तशृंगीचा गड तसा पाहिला तर कळवण तालुक्यांत आणि वणी दिंडोरी तालुक्यांत. पण लोकांच्या तोंडीं देवी ‘वणीची’च आहे. महाराष्ट्रांतील साडेतीन पीठांपैकीं अर्ध्या पीठाचा मान तिला आहे आणि नाशिक-खानदेशांतील कित्येक घराण्यांची ती कुलदेवता. साहजिकच नवीं जोडपीं दर्शनास येतात, आणि ज्यांचीं लग्नें व्हावयाचीं आहेत त्यांचे आईबाप नवस बोलण्यास येतात. ह्या नवसांत एक प्रकार इतक्यांदा ऐकूं येतो कीं, त्याची शब्दरचनासुद्धां ठरून गेली आहे. मुलगा हुशार आहे, पण कशांत टिकत नाहीं. आई, त्याचें लग्न जमूं दे, म्हणजे तो मार्गीं लागेल. ह्या एका मागणींत एक सबंध उपचारपद्धति सामावलेली आहे. रोग कोणता, औषध काय आणि तें औषध कोणाच्या हातून द्यावयाचें, हें सारें त्यांत आलें. ती पद्धति, तिचा इतिहास, आणि ज्यांनीं लग्न केलें नाहीं किंवा ज्यांचें लग्न टिकलें नाहीं अशा एकट्या प्रौढ माणसांसाठीं अलीकडे निघालेली दुसरी सोय, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम विकाराची ओळख करून देणें अवश्य आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून ज्यास ‘एडीएचडी’ म्हणतात आणि मराठींत ज्यास अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार असें लांबलचक नांव पडलें आहे, तो मुलांचा विकार होय, अशीच बहुतेकांची समजूत असते. वर्गांत स्वस्थ न बसणारा, दुसऱ्याचें बोलणें मध्येंच तोडणारा, दप्तर रोज कोठें तरी विसरून येणारा मुलगा आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. पण हीं मुलें मोठीं होतात. अंगाची चुळबुळ वयाबरोबर बहुधा ओसरते. अवधानाची अडचण पुष्कळांच्या ठिकाणीं तशीच राहते. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून प्रौढांमध्यें शंभरांत दोन ते तीन माणसांस हा विकार असावा, असा अंदाज आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून त्यांत अनुवंशाचा वाटा सुमारें तीन-चतुर्थांश दिसतो. तेव्हां आळस, लाड किंवा संस्कारांचा अभाव हीं त्याचीं कारणें मानण्यास आधार उरत नाहीं. बुद्धीशीं तर त्याचा संबंधच नाहीं. ‘न्यूनता’ हा शब्दही थोडा फसवा आहे. असा माणूस आवडीच्या कामांत तहानभूक विसरून बसतो. त्याला साधत नाहीं तें हें कीं, लक्ष हवें तेव्हां हवें तेथें नेणें आणि वेळ संपतांच तेथून उचलणें. काळाचा अदमास त्याला येत नाहीं. ‘आतां’ आणि ‘मग’ एवढे दोनच काळ त्याच्या व्याकरणांत असतात.

आपल्या भाषेनें ह्या माणसास ओळखलें नव्हतें असें मुळींच नाहीं. वेंधळा, धांदरट, धरसोड्या, विसरभोळा, आरंभशूर हे शब्द पाहावेत. संस्कृतांतील एका प्रसिद्ध उक्तीनें तर आरंभशूरपणाचा शिक्का एकट्यादुकट्यावर न मारतां साऱ्या दाक्षिणात्यांवर मारून ठेवला आहे! पण ह्या शब्दांतील ‘विसरभोळा’ एवढा सोडला, तर बाकीच्यांचा उपयोग रागें भरण्यासाठींच झाला. दुखणें म्हणून त्याकडे पाहण्याची वेळ आपल्याकडे आली नाहीं, आणि युरोपांतही ती फार उशिरा आली.

मेल्खिओर आडाम वायकार्ड ह्या जर्मन वैद्यानें १७७५ सालीं आपल्या ग्रंथांत अवधानाच्या अभावाविषयीं एक प्रकरण लिहिलें. १७९८ सालीं अलेक्झांडर क्रायटन ह्या स्कॉटिश डॉक्टरानें मनोविकारांवरील ग्रंथांत अवधानास स्वतंत्र जागा दिली, आणि कांहीं माणसें जन्मतःच कोणत्याही एका विषयावर टिकून राहूं शकत नाहींत, हें निःसंदिग्ध शब्दांत नमूद केलें. क्रायटनच्या लिहिण्यांत धिक्कार नाहीं. त्याच्या मागून शंभर वर्षांनीं आलेल्या जॉर्ज स्टिलच्या लिहिण्यांत मात्र नीतीचा वास येतो. १९०२ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें त्यानें दिलेलीं व्याख्यानें ‘लॅन्सेट’मध्यें छापलीं गेलीं. बुद्धि शाबूत असून स्वतःला आवरण्याची शक्ति नसलेल्या मुलांचें वर्णन त्यानें बारकाईनें केलें, पण दोषाला नांव दिलें तें नैतिक नियंत्रणाच्या उणिवेचें. आमच्या मतें त्या एका विशेषणानें ह्या विकाराचें ज्ञान वाढविलें तितकीच त्याची लाजही वाढविली.

पुढचा प्रसंग अमेरिकेंतला. ऱ्होड आयलंड संस्थानांतील ईस्ट प्रॉव्हिडन्स गांवीं मुलांच्या एका रुग्णालयांत चार्ल्स ब्रॅडली हा डॉक्टर काम करीत असे. मेंदूच्या तपासणीनंतर मुलांचें डोकें दुखे. त्यावर उतार पडावा म्हणून त्यानें बेंझेड्रीन हें उत्तेजक औषध देऊन पाहिलें. डोकेदुखीवर त्याचा विशेष गुण आला नाहीं, पण कांहीं मुलें शाळेंत एकाएकीं मन लावून अभ्यास करूं लागलीं. १९३७ सालीं ब्रॅडलीनें तीस मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील चौदांच्या अभ्यासांत ठळक सुधारणा झाली होती. १९४४ सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनींत लेआंद्रो पानिझ्झोन ह्या रसायनशास्त्रज्ञानें मेथिलफेनिडेट हें द्रव्य तयार केलें. त्याची पत्नी मार्गरीट, घरगुती नांव रीटा, टेनिस खेळण्यापूर्वीं तें घेत असे, आणि तिच्याच नांवावरून औषधास ‘रिटालिन’ म्हणूं लागले. नवऱ्याच्या अवधानासाठीं झिजणाऱ्या बायकांचीं नांवें कोठें नोंदलीं गेलीं नाहींत. निदान औषधावर तरी एका बाईचें नांव लागलें, हा योगायोग मजेचा आहे.

इतकें होऊनही सारा विचार मुलांपुरताच होता. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणांत १९६८ सालीं हा विकार ‘बालपणांतील’ म्हणूनच नोंदला गेला आणि पौगंडावस्थेंत तो बहुधा कमी होतो असें सांगण्यांत आलें. पॉल वेंडर व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७६ सालीं प्रौढ रुग्णांवरील अभ्यास छापला. १९८० सालच्या वर्गीकरणांत मोठेपणीं उरलेल्या विकारासाठीं एक उपप्रकार आला, १९८७ सालीं आजचें नांव पडलें, आणि २०१३ सालच्या आवृत्तींत प्रौढांच्या निदानासाठीं लक्षणांची संख्या सहावरून पांचावर आणण्यांत आली. म्हणजे मोठ्या माणसालाही हें दुखणें असूं शकतें ही गोष्ट शास्त्राच्या वहींत चढण्यास विसाव्या शतकाचा शेवटचा पाद उजाडला. तोंपर्यंत हीं माणसें कोठें होतीं? तीं घरांत होतीं, आणि घरांत त्यांना सांभाळणारें कोणी तरी होतें.

तें कोण होतें, हें पाहावयाचें तर ह्याच नाशिक जिल्ह्यांत जलालपुरास जन्मलेल्या एका बाईकडे वळलें पाहिजे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. लहानपणींच त्यांचें लग्न नारायण वामन टिळकांशीं झालें. टिळकांची कविता मराठींत मान्य आहे. त्यांचा मनाचा थोरपणाही सर्वश्रुत आहे. पण त्यांचा संसार कसा चालला हें आपणांस कळतें तें लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या १९३४ पासून भागाभागांनीं निघालेल्या पुस्तकावरून. टिळक एका गांवीं टिकत नसत. कधीं शिक्षक, कधीं छापखान्यांत खिळे जुळविणारे, कधीं आणखी कांहीं. मनांत आलें कीं घर सोडून निघावयाचें, हातीं पैसा आला कीं समोर दिसेल त्याच्या गरजेसाठीं देऊन टाकावयाचा, राग आला कीं क्षणांत आणि ओसरला तोही क्षणांत. हें सारें बाईंनीं हंसत हंसत लिहिलें आहे, आणि त्या हंसण्यानेंच पुस्तकास मराठी गद्यांत अढळ स्थान मिळालें.

येथें एक गोष्ट स्पष्ट करणें जरूर आहे. टिळकांना अमुक विकार होता असें आम्ही म्हणत नाहीं. मृतांच्या गळ्यांत नव्या दुखण्यांच्या पाट्या अडकविण्याची जी चाल हल्लीं पडली आहे ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. कवीची तपासणी त्याच्या बायकोच्या आठवणींवरून करणारा वैद्य वैद्यच नव्हे. आमचा प्रश्न टिळकांविषयीं नाहींच, लक्ष्मीबाईंविषयीं आहे. ज्या घरांत एक माणूस उद्यांचा विचार करूं शकत नाहीं, त्या घरांत दुसऱ्या माणसास दोघांच्या उद्यांचा विचार करावा लागतो. पीठ संपलें आहे, भाडें थकलें आहे, पाहुणे येणार आहेत, हें कोणाच्या तरी डोक्यांत असावें लागतें. फेब्रुवारी १८९५ मध्यें टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर सुमारें पांच वर्षें पतिपत्नी वेगळीं राहिलीं. बाई पुढें आपल्या विचारानें नवऱ्याच्या धर्मांत आल्या. १९१९ सालीं टिळक वारले तेव्हां ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें महाकाव्य आरंभींच्या कांहीं अध्यायांवरच थांबलें होतें. त्याचा पुढचा मोठा भाग रचला तो लक्ष्मीबाईंनीं, ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडून झाली होती! नवऱ्याचें अपुरें काम पुरें करण्याचें इतकें ठसठशीत उदाहरण मराठी वाङ्मयांत दुसरें क्वचितच सांपडेल. तेथें तें प्रेमानें झालें व काव्याच्या रूपानें झालें. हजारों घरांत तें बिलें, अर्ज, उधाऱ्या आणि माफीच्या निरोपांच्या रूपानें होत आलें, आणि त्यावर कोणी पुस्तक लिहिलें नाहीं.

लग्नाचें औषध म्हणून जें दिलें जातें त्याचा घटक हा असा आहे. मुलाच्या आईनें वीस-पंचवीस वर्षें जें केलें तें सुनेच्या ओटींत घालावयाचें. एकत्र कुटुंबांत हा भार वांटला तरी जाई. पहांटे कोणी तरी उठवीत असे, जेवणाची वेळ घराची असे, जमाखर्च वडील भावाच्या हातीं असे, आणि विसराळू काकाची छत्री शोधण्यास चार पुतणे असत. घराच्या ठराविक चाकोरींत असा माणूस निभावून जाई. ह्या व्यवस्थेची किंमत त्यानें उभ्या जन्माच्या कुचेष्टेनें भरली, हें मात्र विसरूं नये. ज्याच्या हातीं कधीं व्यवहार दिला नाहीं त्याला व्यवहार येणार कोठून? आणि घरांतील विसराळू माणूस पुरुष नसून स्त्री असेल, तर तिच्यासाठीं ही व्यवस्थाही नव्हती. ‘हिच्या हाताला वळण नाहीं’ हें वाक्य आजीपासून सासूपर्यंत सर्वांच्या तोंडचें. वळण लावणें म्हणजे शिकविणें. पण तें एकदां लागलें नाहीं म्हणजे बाईचा जन्म त्या वाक्याखालीं जाई.

एकट्या माणसासाठीं आपल्याकडे कांहींच रचना नव्हती काय? होती, आणि ती त्याच मंडपांतून पळालेल्या मुलानें उभारली, असें आम्हांस वाटतें. टाकळीस नंदिनी नदीच्या कांठीं रामदासांनीं बारा वर्षें काढलीं तीं ठरलेल्या दिनचर्येनें, असें सांप्रदायिक चरित्रें एकमुखानें सांगतात: सकाळीं पाण्यांत उभें राहून जप, मग माधुकरी, मग वाचन आणि लेखन. पुढें ‘दासबोधा’च्या दोनशें समासांत अध्यात्माबरोबर रोजच्या वागण्याचे विषय जागोजाग आले. अकराव्या दशकांतील शिकवणीचा समास प्रातःकाळीं उठावयास सांगतो आणि दिवसाचा एकही क्षण मोकळा जाऊं नये ह्यावर जोर देतो. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर निव्वळ लिहावें कसें ह्यावर आहे: अक्षराचें वळण, ओळींतील अंतर, शाई, लेखणी, कागद. ज्यानें हें लिहिलें त्याला ठाऊक असलें पाहिजे कीं, दूरच्या मठांत एकटा राहणारा शिष्य मोठ्या तत्त्वावरून घसरत नाहीं. तो दौतींतली शाई वाळल्यावरून घसरतो. मठांचें जाळें, महंतांची नेमणूक, नेमून दिलेलें काम आणि वर्षाच्या उत्सवास एकत्र येणें, ह्या योजनेंत घरसंसार नसलेल्या माणसाला बाहेरून आधार मिळे. त्यांत स्त्रियाही होत्या. मिरजेच्या मठाच्या वेणाबाई बालविधवा. चाफळ-सज्जनगडाची व्यवस्था पाहणाऱ्या अक्काबाईही तशाच. समाजानें ज्यांना कोपऱ्यांत बसविलें असतें त्यांच्या हातीं येथें किल्ल्या आल्या. अर्थात् ह्या सांप्रदायिक शिस्तीची दुसरी बाजूही आहे. दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा. आणि आपल्या घरांतून तो जितका पाठ झाला तितका लेखनक्रियेचा झाला नाहीं. काय करावें हें सांगणारा भाग मागें पडला आणि काय म्हणावें हें सांगणारा तोंडीं बसला.

आतां आजचें चित्र पाहावें. वणींतून किंवा आसपासच्या खेड्यांतून शिकून नाशिकास, पुण्यास किंवा त्याहून दूर गेलेला पस्तिशीचा एखादा माणूस डोळ्यांसमोर आणा. पुरुष असो वा स्त्री; लग्न केलेलें नाहीं, किंवा करून मोडलें आहे. भाड्याची एक खोली, डबा किंवा खानावळ, आणि उरलेल्या जगाशीं संबंध हातांतील मोबाईलवरून. पगार वाईट नाहीं. तरी वीज तोडली जाते, कारण बिल भरण्याचें राहून गेलें. पैसे खात्यांत होते. तीन अर्ज अर्धे भरलेले, पासपोर्टची मुदत टळलेली, धुतलेले कपडे खुर्चीवर आठ दिवस. कचेरींतील मोठें काम रात्रीं तीन वाजेपर्यंत बसून मुदतीच्या आदल्या दिवशीं पुरें केलेलें, आणि तें इतकें उत्तम कीं साहेबास वाटावें, हा रोज असें कां करीत नाहीं? घरीं फोन केला तर उत्तर ठरलेलें आहे, आणि तें गडावरच्या नवसांत आम्ही वर दिलेंच आहे. ह्या माणसाची दिवसाची चाकोरी आंखणारें घर राहिलें नाहीं, मठ राहिला नाहीं, आणि दुसऱ्याच्या मुलीस त्या कामावर नेमावें हें त्याला, त्याच्या बाजूनें बोलावयाचें तर, पटत नाहीं.

त्याच्यासाठीं जी सोय निघाली तिला इंग्रजींत ‘कोचिंग’ म्हणतात. आपल्याकडे ह्या शब्दानें दहावी-बारावीच्या शिकवण्या डोळ्यांपुढें येतात, म्हणून गैरसमज फार होतो. हिचा उगम गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांतील. एडवर्ड हॅलोवेल व जॉन रेटी ह्या दोघां अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांनीं १९९४ सालीं ‘ड्रिव्हन टु डिस्ट्रॅक्शन’ हें पुस्तक लिहिलें. त्यांत, अशा माणसास रोज दहापंधरा मिनिटें बोलणारा एक सोबती असावा, अशी सूचना आहे. त्यानें विचारावयाच्या गोष्टी चार: मदत कोणती हवी, पुढें कोणतीं कर्तव्यें उभीं आहेत, बेत काय आहेत, आणि मग थोडें उत्तेजन. पुढें ह्याचा व्यवसाय झाला. रसेल बार्कली ह्या मानसशास्त्रज्ञानें १९९७ सालीं मांडलेल्या उपपत्तीनें त्यास शास्त्राचें बळ दिलें. तिचा मथितार्थ असा कीं, ह्या विकारांत ज्ञान कमी नसतें. जें ठाऊक आहे तें वेळेवर अमलांत आणणारी यंत्रणा दुबळी असते. तेव्हां उपदेश व्यर्थ आहे, आणि जेथें काम घडावयाचें तेथेंच, घडण्याच्या क्षणीं, बाहेरून आठवण हवी.

प्रत्यक्षांत हें काम कसें चालतें तें ऐकून सुशिक्षित माणसास प्रथम हंसूं येईल. फोनवर सोबतीण म्हणते, “दादा, तो अर्ज आतां उघडा. मी बोलत नाहीं, फक्त इथें थांबतें. पहिलें पान झालें कीं सांगा.” वीस मिनिटें दोन्हीकडे शांतता. आठ महिने पडून राहिलेला अर्ज पुरा होतो. ह्यांत जादू नाहीं. दुसऱ्याच्या नुसत्या उपस्थितीनें मन जाग्यावर राहतें, हा अनुभव पाठांतराच्या ओसरीवर वाढलेल्या कोणासही नवा वाटूं नये. मग कामाचे तुकडे पाडणें, पहिला तुकडा हास्यास्पद वाटेल इतका लहान ठेवणें, किल्लीची एकच खुंटी ठरविणें, भाडें व बिलें बँकेंतून परस्पर जातील अशी व्यवस्था करणें, आणि आठवड्याच्या अखेरीस काय जमलें नाहीं ह्याचा राग न धरतां हिशेब घेणें. सोबती काम करीत नाहीं, रागावत नाहीं आणि बापाला कळवीत नाहीं. घरच्या माणसाला ह्या तिन्ही गोष्टी साधणें जवळजवळ अशक्य असतें, असा आमचा समज आहे.

आमच्या दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागाइतदारास ही कल्पना समजावून देण्यास एक वाक्य पुरतें. द्राक्षाचें पीक दिवस मोजून घ्यावें लागतें. सप्टेंबर-ऑक्टोबरांत छाटणी झाली कीं त्या दिवसापासून गणना सुरू: डोळ्यांना पेस्ट लावावयाची ती लगोलग, मग फुटव्यांची विरळणी, ठराविक दिवसांनीं घडांचें डिपिंग, आणि मध्यें ढग आले कीं डावणी-भुरीची धास्ती. हें सारें शेतकऱ्यास माहीत नसतें काय? पुष्कळदां सल्लागाराहून अधिक माहीत असतें. तरी तो पैसे मोजून सल्लागार ठेवतो. सल्लागार ठराविक दिवशीं बागेंत येतो, वेलीवर नजर टाकतो, पुढच्या दिवसांचें वेळापत्रक कागदावर लिहून देतो आणि पुढच्या बागेस जातो. कात्री तो कधीं हातीं धरीत नाहीं. ज्या बागाइतदाराला असा सल्लागार ठेवणें कमीपणाचें वाटत नाहीं, त्यालाच आपल्या मुलानें दिवसांच्या गणनेसाठीं माणूस ठेवला तर लाज वाटते. वेलीला दिवस मोजून वागवावें लागतें हें मान्य. पोराला तसें लागूं शकतें हें मान्य नाहीं.

ह्या सोयीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कोचिंगवरील अभ्यास अजून थोडे व लहान आहेत. त्याहून भक्कम पुरावा आहे तो त्याच धर्तीच्या, पण मानसोपचारांत मोडणाऱ्या पद्धतींचा. २०१० सालीं मेरी सोलँटो व सहकाऱ्यांनीं अठ्ठ्यायशीं प्रौढांवर बारा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत वेळ, कामें व बेत सांभाळण्याचें शिक्षण घेतलेला गट नुसता आधार मिळालेल्या गटापेक्षां सरस ठरला. औषधांचा गुण बहुतेकांस येतो, पण औषध घड्याळ देतें, वेळापत्रक देत नाहीं. शिवाय मेथिलफेनिडेट आपल्या कायद्याच्या ‘एक्स’ परिशिष्टांत आहे: डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, दुकानदारास एक प्रत दोन वर्षें जपावी लागते, आणि मार्च २०२० च्या दूरवैद्यकाच्या नियमांप्रमाणें तें नुसत्या फोनवरून लिहून देतां येत नाहीं. म्हणजे वणीसारख्या ठिकाणीं राहणाऱ्यास औषधासाठीं प्रवास आहे. सोबत मात्र फोनवरून घरीं येते. येथेंच लबाडीसही जागा आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते; ‘कोच’ ही पाटी लावण्यास कसलीच नोंदणी लागत नाहीं. ज्यास निदान झालेलें नाहीं त्यास निदान सांगणारा, औषध सोडावयास लावणारा किंवा वर्षाची फी आधीं मागणारा कोच दारांतूनच परत धाडावा. उदासीनता फार वाढली, जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार येऊं लागले, तर तें काम कोचचें नव्हेच. त्यासाठीं डॉक्टर आहेत, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे.

पैशाचा आक्षेप मात्र आम्ही मान्य करीत नाहीं. ‘आठवण करून द्यावयाला पैसे कसले?’ असें वडील मंडळी विचारतात. आजवर ती आठवण फुकट होत होती असें त्यांस वाटतें, कारण तिचा हिशेब कोणी मांडला नाहीं. महाराष्ट्रांत तो मांडण्याचा एक प्रयत्न दुसऱ्या दुखण्याच्या संबंधानें झाला आहे. अनिता व अनिल अवचट ह्यांनीं १९८६ सालीं पुण्यास सुरू केलेल्या मुक्तांगण ह्या व्यसनमुक्ति केंद्रांत व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठीं ‘सहचरी’ नांवाचा निराळा गट चालतो. व्यसन आणि अवधानाचा विकार ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत. पण नवऱ्याचें दुखणें सांभाळतांना बायकोचें काय होतें हा प्रश्न तेथें निदान उघडपणें विचारला गेला. लग्न जमवितांना तो कोणी विचारीत नाहीं. मुलाच्या पत्रिकेंतील मंगळ मुलीकडच्यांस सांगावा लागतो. त्याच्या हातून चार नोकऱ्या कां सुटल्या हें सांगावें लागत नाहीं.

आणि ती मुलगीच धांदरट असेल तर? मुलींत हा विकार चुळबुळीच्या रूपानें कमी दिसतो, त्या वर्गांत खिडकीबाहेर पाहत गप्प बसतात, म्हणून त्यांच्याकडे शिक्षकांचें लक्ष जात नाहीं. कित्येकींचें निदान तिशी-चाळिशींत होतें. त्यांना सांभाळावयास नवरा द्या, असें गडावर कोणी मागत नाहीं. नाशिकांत एकटी राहून नोकरी करणारी अशी बाई रविवारीं रात्रीं नऊ वाजतां फोन घेते. पलीकडून पहिला प्रश्न येतो, “ताई, मागच्या आठवड्यांत ठरलेल्या तीन गोष्टींपैकीं कोणती झाली?” ती सांगते, एक झाली, विजेचें बिल. मग राहिलेल्या दोहोंतील एक उद्यांच्या सकाळवर येते, दुसरीचे तुकडे पडतात, आणि फोन ठेवण्यापूर्वीं घराची किल्ली खुंटीवर आहे ना हें ती एकदां उठून पाहून येते.